आई, मी शेपू खाल्ला

स्टॉकहोम, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी नीट जेवते. परवा व्हिडिओ कॉलवर गालफडं बसलेली दिसली ती खिडकीतल्या उजेडामुळे, वजन अजिबात कमी झालेलं नाही, मावशीलाही तसंच सांग नाहीतर ती परत लाडू पाठवायच्या मागे लागेल. बाकी रोजचं तुला माहितीच आहे. आज वेगळंच सांगायचंय. मी शेपूची भाजी केली. स्वतःहून. आणि दोन्ही वेळा तीच जेवले.

इथे शेपूशिवाय पान हलत नाही गं. माशावर शेपू, काकडीवर शेपू, वेफर्ससुद्धा शेपूचे. जूनमध्ये नवे बटाटे येतात ते उकडतानाच पाण्यात शेपूच्या काड्या टाकतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये पहिल्यांदा ते ताट समोर आलं आणि तो वास नाकात गेला, तर मला एकदम तुझी बोटंच आठवली. सीएसएमटीला बसायला मिळालं की तू मांडीवर पेपर पसरून भांडुप येईपर्यंत जुडी निवडून मोकळी व्हायचीस, आणि घरी येऊन मला जवळ घेतलंस की बोटांना तो वास, आणि मी तोंड फिरवायचे. कँटीनमध्ये डोळ्यात पाणी आलं. बाजूच्या मुलीला वाटलं बटाटा गरम लागला.

मी वाचलं याच्याबद्दल. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त झोंबते, आणि नवीन चव आठ-दहा वेळा तरी तोंडात गेल्याशिवाय पटत नाही. तू तर शंभर वेळा वाढला असशील. आणि माझ्या वेळी तू बाळंतशोपा खायचीस ना, ते शेपूचंच बी, आईच्या खाण्याची चव दुधातून बाळाला कळते म्हणतात, म्हणजे मला ती सगळ्यात आधी तुझ्याकडूनच मिळाली होती आणि तरी मी एवढी वर्षं नाकं मुरडली. एक सांगूनच टाकते, शाळेतल्या डब्यातली शेपू मी नळाखाली ओतून द्यायचे. जाळीत हिरव्या काड्या अडकायच्या त्या बोटाने काढून टाकायचे, कोणाला दिसू नये म्हणून. तू साडेसातला घरी येऊन माझ्यासाठी वेगळ्या काचऱ्या टाकायचीस आणि स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी शेपू खाऊन ट्रेन पकडायचीस, ते तेव्हा दिसायचं पण कळत नव्हतं.

भाजी तुझ्यासारखीच केली, मूगडाळ भिजवून, लसूण जरा जास्त. इथे दुकानात छोट्या कुंडीत मिळतो शेपू, लोक चिमूटभर खुडतात, मी पाच कुंड्या आणल्या तेव्हा कुठे वाटीभर भाजी झाली. पण सगळंच बदलतं असं नाही हं. कारलं अजून नाही, तू कितीही गूळ घाल.

आणि इथलं एक मात्र मला काही केल्या झेपत नाही, शनिवारचा खाऊ. मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी. 1950 च्या दशकात दात किडू नयेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की रोज थोडं थोडं देऊ नका, आठवड्यातून एकदाच द्या, ते अजून पाळतात. दुकानात एक भिंतभर खण, प्रत्येकाला छोटा डाव, आपण आपल्या कागदी पिशवीत भरायचं आणि वजनावर पैसे. मोठी माणसंही भरतात. त्यातली एक लाडकी गोळी काळी, ज्येष्ठमधाची, तिथपर्यंत ठीक आहे, पण ती खारट, आणि ते मीठ आपलं मीठ नाही, नवसागर! आपल्या कंपाउंडमध्ये कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर यायचा, तोच. चार वर्षांची पोरं मजेत चघळतात. मी एक तोंडात टाकली आणि लगेच टिश्यूत काढली. ऑफिसातली म्हणाली, आम्ही लहानपणापासून खातो म्हणून आवडते. असेल. आवळासुपारी तिला दिली तर तिचंही तेच होईल.

बरं, गणपतीला मी येत नाही. रजा आहे पण सगळी दादाच्या लग्नासाठी डिसेंबरला ठेवलीय, दोन्ही जमत नाही, बाबा तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आरतीला फोन लावून ठेवा मी इथून टाळ्या वाजवीन. हॉलच्या अॅडव्हान्सचे सत्तर हजार पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यात येतील, एफडी मोडायची नाही म्हणजे नाही. मला इथे काही कमी पडत नाही. आणि ते पुण्याचं स्थळ, फोटो बघितला, मुलगा चांगला वाटतोय, पण एवढ्यात नको गं, काकूंना काय सांगायचं ते सुचत नसेल तर माझ्यावर ढकल. डिसेंबरात आले की माझ्यासाठी वेगळ्या काचऱ्या टाकू नकोस. शेपूची जुडी आण, मी निवडीन.

तुमची,
चिमू