नव्या घरातील वस्तूंच्या जागा

नाशिक

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाथर्डी फाट्यावरील तुमच्या घराची छायाचित्रे पाहिली. तुम्ही दोघेही नोकरी करता आणि घर दोघांचे आहे, म्हणून मांडणीविषयीचे हे पत्र सूनबाईला न लिहिता मुद्दाम तुला लिहीत आहे. ऑनलाइन मागवायच्या पारदर्शक डब्यांची जी यादी तू पाठवलीस, ती तूर्त बाजूला ठेवावीस असे माझे स्पष्ट मत आहे. डबे आधी घरात आले की त्यांत काय भरायचे हे आपण नंतर शोधत बसतो. कोणती वस्तू, कोणाच्या हाताला, कोठे उभे असताना लागते, हे आठवडाभर नीट पाहावे, मग तिची जागा ठरवावी आणि त्यानंतरच त्या जागेच्या मापाची फळी, टोपली किंवा भांडे आणावे.

जुन्या नाशकातले वाडे आजही डोळ्यांना सुंदर दिसतात, ते केवळ नक्षीच्या खांबांमुळे नव्हे. तेथे भिंतीच्या जाडीतच कोनाडे, देवळ्या आणि फडताळे बसवलेली असल्यामुळे सामान खोलीत पुढे येत नसे, आणि फडताळ फारसे खोल नसल्यामुळे एका डब्यामागे दुसरा डबा लपून राहत नसे. तुमच्या सदनिकेच्या भिंती पातळ आहेत, त्यांत कोनाडा कोरता येणार नाही. पण स्वयंपाकघरातल्या मोकळ्या भिंतीवर डब्यांची एकच रांग मावेल एवढ्या रुंदीच्या फळ्या सुताराकडून करून घेता येतील. दीड-दोन फूट खोल कपाटात मागच्या बाजूला गेलेले पोहे तीन महिन्यांनी कीड लागूनच बाहेर येतात.

महाविद्यालयात गृहशास्त्र शिकवत असताना मी फळ्यावर फ्रँकफर्टच्या एका स्वयंपाकघराचा आराखडा काढत असे, तो तुला येथे उपयोगी पडेल. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद महिलेने 1926 मध्ये तेथील नव्या वसाहतींसाठी ते आखले आणि तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बांधली गेली. रुंदी जेमतेम 1.9 मीटर आणि लांबी 3.4 मीटर, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराहून फार मोठे नव्हे. तरीही गृहिणीची प्रत्येक फेरी विचारात घेतलेली होती. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी नावे कोरलेले ॲल्युमिनियमचे खण होते आणि त्यांना मूठ व चोच अशी होती, की खण ओढून काढावा आणि थेट पातेल्यात ओतावे. ती ओळीने बसवलेली खणांची रांग आज संग्रहालयांत पाहायला ठेवतात. तिचे रूप सोयीतून आलेले आहे, आणि माझ्या मते घरातील सौंदर्याचा हाच खरा मार्ग आहे.

आता दिसण्याविषयी. जे रोज लागते आणि देखणे आहे तेवढेच उघड्यावर ठेवावे, बाकीचे दाराआड. आणि एका खोलीत उघड्यावर दिसणाऱ्या भांड्यांचा धातू किंवा लाकूड शक्यतो एकाच जातीचे असावे. भांडी बाजार आपल्या हाताशी असताना प्लॅस्टिकचे स्टँड कशाला आणायचे? पितळेच्या उभट फुलपात्रांत चमचे आणि उलथणी उत्तम राहतात. आजीचा पानाचा डबा माझ्याकडे आहे. त्याचे कप्पे सूनबाईच्या कानातल्यांसाठी जणू मोजून केलेले आहेत. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी पितळी घंगाळ ठेव, मात्र त्याच्या तळाशी काथ्याच्या पायपुसण्याचा गोल तुकडा कापून घाल आणि साचलेले पाणी रोज ओत, नाहीतर पितळेवर हिरवट डाग धरतील. या भांड्यांना महिन्यातून एकदा चिंच-मिठाचा हात द्यावा लागतो. तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल तर लाकूड किंवा बांबू निवडा. काळवंडलेल्या पितळेपेक्षा स्वच्छ बांबूची परडी कितीतरी शोभून दिसते.

कांद्यांसाठी तू झाकणाचा डबा यादीत लिहिला आहेस, तो मात्र आणूच नकोस. लासलगाव-निफाडकडे शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत ठेवतात, तेव्हा तळ जमिनीपासून उचललेला आणि बाजूंना फटी ठेवलेल्या असतात, म्हणून वारा खेळता राहून तो पावसाळाभर टिकतो. हीच युक्ती घरात करायची, म्हणजे बुरुडाकडची विरळ विणीची टोपली भिंतीच्या खुंटीला टांगायची. मसाल्यांच्या बरण्या मात्र शेगडीच्या वर कधीही नकोत. तेथील वाफेने हळद-तिखटाच्या गुठळ्या होतात आणि उष्णतेने वास उडतो. औषधांचा डबाही स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ नको, कोरड्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात असावा.

सूनबाईच्या येवल्याच्या पैठणीविषयी थोडे सविस्तर सांगते. ती हँगरला लटकवू नये, कारण जरीच्या पदराच्या वजनाने वस्त्र ताणले जाते; प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नये, तेथे दमट हवा कोंडून जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे त्याच त्या रेषेवर जर तुटत नाही. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. रोजचे कपडे मात्र खणात उभ्या घड्या करून लाव, म्हणजे वरून पाहताच प्रत्येक सदरा दिसतो आणि एक काढताना बाकीचे विस्कटत नाहीत.

चार्जर, रिमोट, किल्ल्या यांचे फार अवघड नाही. दाराजवळ किल्ल्यांसाठी दोन खुंट्या आणि वायरींसाठी मागे भोक पाडलेली एक लाकडी पेटी, एवढे पुरे.

रविवारी येताना स्वयंपाकघरातील मोकळ्या भिंतीची लांबी आणि ओट्यापासून छतापर्यंतची उंची इंचांत मोजून आण. सूनबाईचा हात आरामात कोठवर पोहोचतो, तेही भिंतीवर खूण करून मोज, कारण सर्वांत वरची रोजची फळी त्या खुणेच्या वर नको. सुतार दुपारी येणार आहे. घंगाळ आणि पानाचा डबा मी घासून ठेवते.

तुझी,
आई