नुसतं 'गॅल्व्हनाइज्ड' लिहून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरबांधणीच्या पुरवणीत शिंगलच्या, म्हणजे एकावर एक ओळीने ठोकायच्या डांबरी तुकड्यांच्या छपरावर लेख आला होता, चांगला होता, रंग कुठला घ्यावा, उतार किती हवा, खाली शीट कशी अंथरायची सगळं नीट सांगितलं होतं, पण खिळ्यांबद्दल फक्त एक ओळ, की गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरावेत. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मलाही कोणे एके काळी एवढंच सांगितलेलं आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून मी खिळे आणले होते.

शेडचं छप्पर मी स्वतः हातोडीने ठोकलं, खाली प्लाय, वर डांबरी शिंगल. खिळे एकदम चकचकीत, गुळगुळीत, पाकिटावर मोठ्या अक्षरात गॅल्व्हनाइज्ड. काही वर्षांनी कडेची ओळ वाऱ्याने फडफडायला लागली म्हणून चढून एक शिंगल उचललं तर टोपीभोवती तपकिरी डाग, पकडीत धरून ओढला तर नुसती टोपी हातात आली आणि दांडा प्लायमध्येच राहिला. टोपीच्या लगेच खाली दांडा झिजून काडीसारखा झाला होता. बाजूचे तीन काढले, तिन्ही तसेच. शिंगलवरचे दाणे मात्र जागच्या जागी, अजून कितीतरी वर्षं टिकलं असतं ते. एवढा महागाचा माल खिळ्यापायी वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

मुद्दा असा आहे की गॅल्व्हनाइज्ड हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. एक इलेक्ट्रो, म्हणजे विजेच्या प्रवाहाने चढवलेला जस्ताचा मुलामा, तो जेमतेम काही मायक्रॉनचा असतो आणि म्हणूनच इतका चमकतो. दुसरा हॉट डिप, यात खिळे साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात, तिथे जस्त आणि लोखंड एकमेकांत मुरतात आणि थर जाड बसतो. एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं ए153 नावाचं मानक आहे, त्यात खिळ्यांसाठी चौरस मीटरला सरासरी 305 ग्रॅम जस्त लागतं, म्हणजे थर सुमारे 43 मायक्रॉनचा झाला. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, म्हणजे जितकं जस्त तितकी वर्षं, सरळ हिशोब आहे. आणि हाताने ठोकताना तर हे जास्तच लागू होतं, कारण टोपीवर तीन-चार घाव बसतात, हातोडीच्या तोंडावर जाळी असेल तर ओरखडे पडतात, मुलामा पातळ असला की तिथेच लोखंड उघडं पडतं.

ओळखायचं कसं तर डोळ्याने आणि बोटाने. हॉट डिपचा खिळा राखाडी, निस्तेज, हाताला खरबरीत लागतो, कुठे टोपीखाली जस्ताचा थेंब गोठलेला दिसतो, कधी दोन खिळे एकमेकांना चिकटलेले निघतात. दिसायला अजिबात छान नाही, म्हणून माणूस नको म्हणतो आणि चकचकीत उचलतो. पण तोच खरबरीतपणा लाकडाला धरून ठेवतो, काढायला गेलात तर कळेल. फक्त टोकावर गोळा जमलेले बाजूला काढा, ते सरळ जात नाहीत. चुंबक लावून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आत दोन्हीत पोलादच आहे, दोन्ही चिकटणार.

मापाचं थोडक्यात सांगतो. दांडा 11 किंवा 12 गेजचा (गेज म्हणजे जाडीचा आकडा), म्हणजे 3 मिमीच्या आसपास, आणि इथे भलेभले चुकतात, गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो, जाड नाही. टोपी कमीत कमी साडेनऊ मिमी, पसरट, कारण शिंगल धरून ठेवते ती टोपीच, बारीक टोपी वाऱ्यात शिंगलमधून आरपार निघून जाते. लांबी अशी की खिळा लाकडात निदान 19 मिमी जावा आणि प्लाय त्याहून पातळ असेल तर खालून थोडं टोक बाहेर आलं पाहिजे. नव्या छपराला सव्वा इंची बहुतेक ठिकाणी पुरतो, जुन्या थरावर नवीन टाकत असाल तर दीड किंवा पावणेदोन इंची लागतो, तिथे सव्वा इंची मारला तर तो लाकडात नीट पोचतच नाही.

हाताने ठोकण्याच्या बाजूने मी का आहे तेही लिहितो. खिळे मारायच्या हवेच्या बंदुकीत दाब जास्त झाला की टोपी शिंगल कापून आत घुसते आणि मारणाऱ्याला पत्ता लागत नाही. हातोडीत पत्ता लागतो. पहिला घाव हलका, खिळा उभा राहण्यापुरता, मग दोन जोरात, आणि शेवटचा मोजून, टोपी शिंगलला सपाट टेकली की घावाचा आवाज बदलतो, तिथे हात थांबला पाहिजे. टोपी वर राहिली तर वरचं शिंगल तिच्यावर अधांतरी राहतं आणि शिंगलं एकमेकांना धरून ठेवणारी चिकट पट्टी चिकटत नाही, तिरकी राहिली तर तिची कड वरच्या शिंगलला कुरतडते. मारताना प्लायची फट लागली, खिळा एकदम भसकन गेला, तर तो काढा, भोक बुजवा आणि बाजूला दुसरा मारा, तसाच सोडू नका. शिंगलवर कंपनीने खिळ्यांसाठी रेघ दिलेली असते त्या रेघेवरच मारायचं, चिकट पट्टीत नाही. एका शिंगलला चार, वारा जास्त किंवा उतार फार खडा असेल तर सहा.

अजून एक, लाकूड तांब्याच्या औषधाने ट्रीट केलेलं असेल तर इलेक्ट्रोचं नावही काढू नका, हॉट डिप किंवा स्टेनलेस. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सरळ स्टेनलेस घ्या. आणि तांब्याच्या पट्टीला जस्ताचा खिळा लावायचा नाही, तांब्यापुढे जस्त फार लवकर खलास होतं, तिथे तांब्याचाच खिळा हवा.

माझं मागणं दोन जणांकडे आहे. खिळे बनवणाऱ्यांनी पाकिटावर हॉट डिप की इलेक्ट्रो ते स्पष्ट छापावं, गेज आणि टोपीचं माप छापावं, जस्त किती आहे तेही छापावं. आणि तुमच्या पुरवणीने खिळ्यांवर वेगळा अर्धं पान तरी लेख द्यावा, त्यात दोन्ही खिळे शेजारी ठेवून जवळून काढलेला फोटो टाका, नवा आणि छपरातून उपटलेला असे दोन्ही, मला काढायला लागलेले ते चार मी जपून ठेवलेत, हवे असतील तर पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक