कऱ्हेला कठडे नकोत, आधी दगड रोवा

मा. जलसंपदामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी पुरंदर तालुक्यातला अंजीर-सीताफळाचा शेतकरी. आमच्या कऱ्हा नदीच्या सुशोभीकरणाचं बोललं जातंय, त्याबद्दल लिहितोय. गराड्याच्या वरच्या डोंगरातून ही निघते, सासवडला चांबळीला भेटते, जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते आणि मोरगाव-बारामती करत सोनगावला नीरेला मिळते. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला, त्यातून ही वाहिली, असं जुनी माणसं सांगतात. कमंडलू म्हणजे करा, म्हणून कऱ्हा. मुळात पाणी कमंडलूभरच, त्यामुळे बारमाही नदीचा आमचा हट्ट नाही. बारमाही आहे ते तिच्यात येणारं गटार.

गेल्या आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला मुक्कामी होती. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर एक म्हातारी वारकरीण तांब्या घेऊन उतरली. पाण्यावर साबणासारखा फेस, कडेला जलपर्णी. तिनं मला विचारलं, "माउली, हीच का कऱ्हा?" मी हो म्हणालो. तिनं लांबूनच हात जोडले आणि रिकामा तांब्या घेऊन नळ शोधायला गेली. मला तिथं उभं राहवेना.

याच काठावर सोपानकाकांची समाधी आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० साली सासवडलाच वारले. खाली बारामतीत मोरोपंतांनी आर्या रचल्या. कोडीतला १८९८ साली जन्मलेल्या अत्र्यांनी तर आत्मचरित्रालाच 'कऱ्हेचे पाणी' नाव दिलं. आणि सोमवतीला खंडोबाची पालखी गड उतरून येते ती कऱ्हेच्या स्नानासाठी. लाखभर माणूस भंडाऱ्यात न्हालेला, आणि देवाच्या अंगावर घालायला पात्रात धड पाणी असेल का, याची पुजाऱ्यांपासून सगळ्यांना धाकधूक.

म्हणून सुशोभीकरण शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. कठडे, रंगीत दिवे, फरशी, सेल्फी पॉइंट. आणि खाली तेच गटार. पैसा खर्चायचाच तर आधी सांडपाण्यावर खर्चा. दुसरं, हद्द. सप्टेंबर २०१९च्या पुरात रात्रीतून पाणी कुठवर चढलं ते काठच्या गावांनी पाहिलंय. तेव्हा पाणी होतं तिथे आज काही ठिकाणी मुरुमाचा भराव आहे. निळी (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा कागदावर काढून भागत नाही, शिवारात दगड रोवून दाखवावी लागते. मी अर्ज घेऊन तीन खात्यांत फिरलो. एका टेबलावर कळलं, पात्र आमचं पण काठ त्यांचा. दुसरीकडे कळलं, काठ आमचा पण गटार त्यांचं. नदी कुणाचीच निघाली नाही. (अर्जाची पोच मात्र तिन्ही ठिकाणी मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

नदीची हद्द मोजायला या तीन खात्यांना एकाच दिवशी एकाच बांधावर उभं करणं तुम्हालाच जमेल. मोजणीची तारीख आठ दिवस आधी कळवा. जुना काठ कुठून जायचा ते दाखवणारे आमच्या गावात दोघेच उरलेत, त्यांतल्या एकाला बैलगाडीतून आणावं लागेल.

आपला,
कऱ्हाकाठचा एक शेतकरी