माळ्यावरचा जुना अँटेना आणि तुटका टेप आम्हाला हवा आहे

सप्रेम नमस्कार.

आम्ही साताऱ्यातले हॅम रेडिओवाले, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेनं वायरलेसवर बोलणारे. कोणी शिक्षक, कोणी वायरमन, कोणी एसटीतून निवृत्त झालेले. गेल्या हिवाळ्यात शाळेतली एकतीस मुलं घेऊन आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक वरून जाणार होतं आणि त्या दिवशी तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवली जात होती. आमच्याकडे घरी बनवलेला एकच अँटेना. सातवीतल्या एका मुलीच्या हातात तो दिला. आधी नुसती खरखर. मी म्हटलं, "बाळ, मनगट थोडं फिरव." तिनं फिरवलं आणि खरखरीतून शिट्ट्यांसारखा स्वच्छ आवाज वर आला. आवाजातून चित्र काढणारं ॲप लावून मोबाइल त्या रेडिओजवळ धरला, तसं मोबाइलच्या पडद्यावर एकेक रेघ उमटत दोन मिनिटांत चित्र पूर्ण झालं. मागची मुलं "सर, मला, सर, मला" करत होती. पण स्थानक दहा मिनिटांत क्षितिजाखाली गेलं. पुढची फेरी दीड तासानं, आणि गाडी खाली थांबलेली. पंचवीसएक मुलांच्या हाताला अँटेना लागलाच नाही. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पंचवीस अँटेना बनवणार आहोत. मुलांनी स्वतःच्या हातांनी बनवायचे आणि घरी न्यायचे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

उपग्रहाचा संदेश ऐकायला पैसे पडत नाहीत. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि त्याचा आवाज हातात मावणारा साधा रेडिओही पकडतो. अडतं ते अँटेनापाशी. हातात धरायचा, १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा तयार अँटेना परदेशातून मागवला तर वाहतूक आणि कस्टम ड्यूटी धरून दहा हजारांच्या पुढे जातो. १४५चा अँटेना मात्र हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानात होतो. पोलादी मोजपट्टी, म्हणजे सुताराचा टेप, कापायचा: मागची पाती १०५ सेंटिमीटर, मधली दोन तुकड्यांत ४५-४५, पुढची ८९. तीन मीटरच्या एका टेपमध्ये सगळं बसतं. पात्या पीव्हीसी पाइपवर क्लिपांनी आवळायच्या. केबल जोडायची तिथला पिवळा रंग पॉलिश पेपरनं पार खरवडावा लागतो, नाहीतर सोल्डर धरतच नाही. इथं मुलं घाई करतात. टेप वाकतो आणि परत सरळ होतो, त्यामुळे अँटेना दप्तराबरोबर एसटीतसुद्धा नेता येतो.

टेप, पाइप, क्लिपा, केबल आणि कनेक्टर मिळून एका अँटेनाला साधारण ७०० रुपये धरले आहेत. पंचवीसांचे १७,५००. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका मुलाचा अँटेना उचलावा. दोघांतिघांनी मिळून एक दिला तरी आनंदच आहे.

पैशांइतकीच वस्तूंची गरज आहे. पूर्वी घरोघरी कौलांवर दूरदर्शनचा ॲल्युमिनियमचा अँटेना असायचा. तो माळ्यावर पडून असेल तर भंगारात घालू नका. त्याच्या नळ्यांतून ४३७ मेगाहर्ट्झच्या पात्या छान निघतात, त्या जेमतेम ३०-३५ सेंटिमीटरच्या असतात. बंद केलेली डीटीएचची डिशही द्या. २०१८ साली सोडलेल्या कतारच्या एस'हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश परत खाली पाठवणारं यंत्र, आहे. साताऱ्यातून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, सुमारे ३२ अंश उंचीवर सापडतो आणि चोवीस तास जागचा हलत नाही. शाळेच्या गच्चीवर अशी एक डिश बसली की फेरीची वाट पाहायला नको.

केबल मात्र जुनी देऊ नका, ही विनंती. गेल्या वर्षी कुणीतरी आपुलकीनं दिलेली केबल आम्ही वापरली. आत पावसाचं पाणी मुरून तांब्याची जाळी काळी पडली होती, आणि आख्खी फेरी हातची गेली.

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. ५ मे २००५ रोजी इस्रोनं खास हॅमसाठी हॅमसॅट हा उपग्रह सोडला, तो २०१४ पर्यंत जगभरच्या हौशी लोकांना जोडत होता. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभराचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला अवकाशात गेला, तोही हॅमच्याच बँडवर बोलणारा. जुलै २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्थानकातून हॅम रेडिओवरून विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तेव्हा आमच्या मुलांनी विचारलं होतं, "आपल्याशी कधी बोलणार?"

बोलायचं तर सरकारचा परवाना लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला त्याची परीक्षा देता येते. तयारी आम्ही विनामूल्य करून घेऊ. तोवर मुलं फक्त ऐकतील.

सोल्डरिंग येणारे, पाइप कापून देणारे प्लंबर आणि आजूबाजूला उंच इमारत नसलेली गच्ची दोन तास देणारे, सगळेच हवे आहेत. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि सुटी संपल्यावर हिशेब बिलांसह सगळ्यांसमोर मांडू.

वस्तू आमच्या रविवारच्या बैठकीत आणून द्या, किंवा ओळखीच्या हॅमला निरोप द्या, आम्ही घरी येऊन नेऊ. टेप तुटलेला, आकडे पुसलेला, स्प्रिंग गेलेला, कसाही चालेल. फक्त गंजलेला नको.