क्रोसिनच्या आधी फोन

कोपरखैरणे, रविवार रात्र

प्रिय वंदे,

आधी काकूंना केमो देतात त्या डे-केअरला फोन कर, मग पुढचं वाच. 'आईला कणकण होती, क्रोसिन दिली, उतरली' म्हणे तू! ताप उतरला असला तरी डे-केअरवाल्यांना कळायलाच हवा.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. जंतूंशी लढणाऱ्या त्या पेशीच नाहीत तर संसर्ग झाला तरी पू, सूज काही धड दिसत नाही. कित्येकदा ताप हीच एक खूण, आणि क्रोसिन नेमकी तीच पुसते. 100.4 फॅरनहाइट दिसलं की फोन करून निघायचं, रात्रीचे दोन असले तरी. हुडहुडी भरली तर आकड्याचीही वाट नको. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य 'केमो चालू आहे', नाहीतर तापाच्या रांगेत बसाल. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते) आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक, इतकी घाई असते त्यात. उशीर झाला तर बीपी कोसळू शकतं. कपाळाला हात लावून ताप सांगायची तुमच्या घराण्याची विद्या सध्या बंद. डिजिटल थर्मामीटर आण, चहानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोज. डोसची तारीख, औषधांची नावं, इमर्जन्सी नंबर फ्रिजवर चिकटव.

तू म्हणशील, ही नेहमीच टोकाला जाते. गणपतीच्या लायटिंगलाही हेच म्हणाली होतीस. फ्यूज कोणाच्या वायरने उडाला ते जाऊ दे.

उलटीची गोळी दिलेल्या वेळेलाच, मळमळायची वाट न बघता. ती ऑन्डान्सेट्रॉन असेल तर पोट गच्च होतं, तेव्हा रेचक आत्ताच विचारून ठेव. एनिमा मनाने अजिबात नको. डेक्सामेथासोन (झोप उडवणारं स्टेरॉइड) दिली असेल तर सकाळी नाश्त्यानंतर, नाहीतर काकू रात्री माळा आवरायला काढतील. तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ; खाल्ल्यावर आणि झोपताना चुळा. झोंबणारं माउथवॉश नको.

खायला ताजं, गरम. केळं, संत्रं सोलून. अंडं पूर्ण उकडून (अण्णांना कळू देऊ नकोस). उसाचा रस, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. केमोच्या औषधाशी कशाचं जुळेल, कशाचं बिनसेल, भरवसा नाही. मावशी रुसल्या तर माझं नाव सांग, तसंही त्यांना मी आवडत नाही.

खारघरला हॉस्पिटलात जाताना ठाणे-पनवेल लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, कागद जवळ असू दे. पेशी खाली असतील त्या आठवड्यात मात्र रिक्षाच बरी. सुई लावलेल्या जागी आग झाली तर काकूंनी गप्प सोसायचं नाही, तिथल्या तिथे सिस्टरना सांगायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळू शकते.

माझी कंबर ठीक. तुझ्या बदलीचं काय झालं? ओंकारला अकरावी कुठे मिळाली? तू जेवतेस ना वेळेवर?

थर्मामीटर घेतलास की त्याचा फोटो पाठव. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.

तुझी,
शुभी