मंडपातल्या स्टेजला अर्थिंग हवेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले. मंडपांचे वासे उभे राहत आहेत आणि आम्हा ऑर्केस्ट्रातल्या वादकांच्या सुपाऱ्या ठरत आहेत. अशा वेळी मंडळांचे कार्यकर्ते, लाइट-साउंडवाले आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांच्यापुढे एकच विषय ठेवायचा आहे : स्टेजवरचे अर्थिंग.

मी मिरजेचा. बेस गिटार वाजवतो; सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगावापर्यंत कार्यक्रम असतात. विजेचा विषय वादकाने का मांडावा, असे कुणाला वाटेल. कारण गिटारच्या बांधणीत आहे. गिटारच्या तारा खालच्या पट्टीवर, म्हणजे ब्रिजवर, जिथे अडकवलेल्या असतात, तिथून एक बारीक वायर आतून जॅकपर्यंत आणि जॅकमधून अँप्लिफायरच्या अर्थपर्यंत जाते. म्हणजे वाजवत असताना माझे दोन्ही हात सतत अर्थला जोडलेले असतात. त्यातच कोरस द्यायला पुढे वाकलो की ओठ माइकच्या जाळीला टेकतात. अँप्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि त्यातल्या एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर त्या दोहोंमधली वीज वादकाच्या अंगातून वाट काढते. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे भर कार्यक्रमात असाच गेला. गिटार हातात होती आणि ज्या माइकला त्याचा हात लागला, त्याचे अर्थिंग नीट नव्हते.

आपल्याकडे धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. समोर मूर्ती असते, म्हणून आम्ही चपला स्टेजखाली काढून अनवाणी वाजवतो. ते मनापासून असते आणि तसेच राहावे. पण भाद्रपदातला पाऊस, ओली ताडपत्री, चिखलाने माखलेले लोखंडी स्टेज आणि अनवाणी पाय, हे सगळे एकत्र आले की काय होऊ शकते, हे वायरमनला वेगळे सांगायला नको.

माझ्या बॅगेत सुटे नऊ व्होल्टचे सेल, दोन जास्तीच्या केबल, टेप आणि बॅटरी असते. तसाच वीज मोजणारा एक मल्टिमीटरही असतो. साउंड चेकला गेल्यावर ट्यूनर काढण्याआधी मी तो काढतो. एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरे माइकच्या जाळीला. काटा जवळजवळ शून्यावर राहिला पाहिजे. कितीतरी ठिकाणी तो शून्यावर नसतो. विचारले की ठरलेले उत्तर मिळते, ‘थोडा करंट येतो, चालतंय.’ झिणझिण्या कधी कीबोर्डच्या अ‍ॅडॉप्टरमधून झिरपणाऱ्या किरकोळ विजेच्या असतात, तर कधी कुठेतरी फेज बॉडीला लागलेली असते. बोटाला दोन्ही सुरुवातीला सारख्याच लागू शकतात. म्हणून ‘थोडा करंट’ हे उत्तर मला मान्य नाही.

हे होते कशामुळे, तेही लिहितो, कारण साउंडवाल्यांची अडचण मला कळते. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात, दोघांचे अर्थ वेगळे पडतात आणि स्पीकरमधून घरघर सुरू होते, तिला आम्ही ‘हम’ म्हणतो. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला, जो जी स्वर येतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम नेमका माझ्या खालच्या जीच्या शेजारी, किंचित चढा होऊन बसतो. एखादे भक्तिगीत हळू लयीत चालू असेल आणि मी तो जी लांबवला, तर दोन्ही आवाज एकमेकांत लाटा काढू लागतात, आणि ऐकणाऱ्यांना वाटते बेस बेसूर आहे. साउंडवाल्याला हम घालवायचा असतो, वेळ नसतो, मग तो प्लगची तिसरी, म्हणजे अर्थची, पिन तोडतो किंवा टू-पिन लावतो. हम जातो. त्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते.

हम घालवायला पिन तोडायची गरज नाही. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या छोट्या पेटीवर, म्हणजे डीआय बॉक्सवर, ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते फक्त आवाजाच्या केबलचा अर्थ तोडते, विजेच्या अर्थला हात लावत नाही. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय असेल तर उत्तमच. थोडा भाग वाद्याच्या निवडीचाही आहे. लिओ फेंडर या अमेरिकी गिटारनिर्मात्याचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला, पण त्यातला दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन पकडणारा भाग, १९५७ चा. त्या दोन तुकड्यांची वेटोळी उलटसुलट असल्याने हम आतल्या आत मिटतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच हम दबतो, एक कमी केला की पुन्हा डोके वर काढतो. म्हणून मंडपासाठी मी प्रिसिजन धाटणीचाच बेस नेतो. त्याचा आवाज मला आवडतोही. लावणीत ढोलकी खालचा सगळा भाग व्यापते, तिथे मी कमी आणि आखूड वाजवतो. पंचमदांची गाणी लागली की मोकळा सुटतो. त्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस श्रोत्यांच्या कानात इतका बसलेला आहे की एक स्वर चुकला तरी पुढच्या रांगेतले मान वर करतात. अशा श्रोत्यांसमोर निर्धास्तपणे वाजवता यावे, एवढीच आमची इच्छा असते.

मागणी फार खर्चाची नाही. स्टेजवरची सगळी वाद्ये, मिक्सर आणि मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) एकाच बोर्डावर घ्यावेत. लाइट वेगळ्या बोर्डावर असू द्यावेत, पण अर्थ दोघांचा एकच असावा. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावी. पावसात ती सारखी पडते म्हणून काढून टाकणारे पाहिले आहेत. ती पडते याचा अर्थ वीज कुठेतरी गळते आहे, ती जागा शोधावी. जनरेटर आणला तर त्याचेही अर्थिंग करावे, नुसता टायरवर उभा करून वायर ओढू नये. वादकांच्या पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट टाकावी. हे सगळे परवानाधारक वायरमनने कार्यक्रमाआधी मीटर लावून तपासावे. मंडप ठरवताना कापडाचा रंग आणि कमानीची उंची लेखी ठरते, तशी ही ओळही त्या कागदावर यावी. नाट्यगृहांनी स्टेजवरच्या सॉकेटच्या तपासणीची तारीख विंगेत लावावी.

तरुण वादकांना विनंती, मल्टिमीटर आवाज बदलणाऱ्या महागड्या पेडलच्या आधी घ्या. मोजल्यावर काटा हलला तर गिटार खांद्यावरून उतरवून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबा. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर माइकवरून कारण सांगा. लोक समजून घेतात, हा माझा अनुभव आहे. रात्री दहाची मर्यादा आहे म्हणून आयोजक घाई करतात, तेव्हा संध्याकाळी लवकर पोहोचणे हाच त्यावरचा उपाय.

साउंड आणि लाइटच्या व्यवसायातल्या जाणत्या मंडळींनी, तसेच वायरमन बांधवांनी या विषयावर आपल्या सदरात लिहावे. मी लिहिलेल्यात काही तांत्रिक भर घालायची असेल तर तीही छापावी, म्हणजे मंडळांच्या बैठकीत कात्रण पुढे ठेवता येईल.

– एक बेस गिटारवादक, मिरज