दर तिसरा आकडा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू डबा ओट्यावर तसाच ठेवून डेक्कन क्वीन गाठायला निघून गेलीस, तेव्हापासून घरात फारसे कोणी बोललेले नाही. "तीन ओळींच्या प्रोग्रॅमसाठी चार रात्री जागायचे असते का?" असे मी म्हणालो, त्यातले ‘तीन ओळींच्या’ हे शब्द मी परत घेतो; जागरणाचे नाही. पण त्याविषयी या पत्रात काही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

तुझी वही इथेच राहिली. मी ती वाचली, रागावू नकोस. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर पायथन ही तुझी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, त्यावर तुझाच प्रश्न घेतला: दहा आकड्यांच्या लिस्टमधला दर तिसरा आकडा दुप्पट करायचा. तू लिहिल्याप्रमाणे फॉर लूप, म्हणजे दर फेरीला लिस्टमधला पुढचा आकडा घेऊन त्याला एक्स म्हणणारा तो फेरा, फिरवला, दर तिसऱ्या फेरीला एक्सची दुप्पट करून ती एक्समध्येच ठेवली, आणि लिस्ट छापून पाहिली तर ती होती तशीच. माझ्या दोन दुपारी त्यात गेल्या. मग उमगले की एक्स हा लिस्टमधला कप्पा नव्हेच. आतल्या आकड्याला त्या फेरीपुरते दिलेले ते नाव आहे, आणि ते नाव दुसऱ्या आकड्याला दिल्याने कप्प्यातले काहीच हलत नाही. कच्च्या कागदावर रक्कम उतरवून तिथेच दुरुस्त करावी आणि खातेवही मात्र तशीच मिटून ठेवावी, तसा हा प्रकार. खातेवहीत दुरुस्ती करायची तर कप्प्याचा इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, हवा. रेंज या क्रमांक मोजून देणाऱ्या सूचनेला सुरुवात म्हणून 2, शेवट म्हणून लिस्टची लांबी आणि उडी म्हणून 3 असे दिले की 2, 5, 8 हे इंडेक्स मिळतात. त्या त्या जागी थेट लिहायचे.

सुरुवात 2 पासून, कारण मोजणी शून्यापासून असते. तू 3 पासून केली होतीस, म्हणजे चौथा, सातवा आणि दहावा आकडा धरला गेला असता, आणि एररही आली नसती. ही चूक मी ओळखतो. आमच्या ऑफिसात दर दहावे व्हाउचर तपासून लाल पेन्सिलीने खूण करायची असे. एकदा मी गठ्ठ्यावरचा मुखपृष्ठाचा कागदही मोजला आणि नववे, एकोणिसावे, एकोणतिसावे अशा खुणा करत सबंध गठ्ठा संपवला. साहेबांनी तो सर्वांदेखत टेबलावर आपटला. आदल्या दोन रात्री मी जागा होतो. ठाकूरद्वारच्या चाळीचा जिना एक पायरी सोडून एक, मोठ्याने मोजत उतरताना तू पडलीस आणि हनुवटीला चार टाके पडले, त्याच त्या रात्री. झोप नसली की माणूस मोजण्यातच चुकतो, आणि चुकला हे त्याला कळतही नाही. पहा, शेवटी त्यावरच आलो. क्षमा कर.

पुढच्या पानावर दर दुसरा आकडा काढून टाकायचा प्रश्न आहे. तिथे शेवटाकडून सुरुवात कर. रांगेतला एक बाहेर काढला की मागचे सगळे पुढे सरकतात आणि पुढून मोजणाऱ्याच्या जागा चुकतात. पहिल्या प्रश्नात मात्र चौकटी कंसात 2, दोन अपूर्णविराम आणि 3 असे लिहून तिन्ही जागा एका ओळीत बदलता येतात, हे तूच समासात लिहिले आहेस. मी करून पाहिले. तीनऐवजी दोनच आकडे दिले तेव्हा व्हॅल्यू एरर आली, तीन दिल्यावर बरोबर उत्तर आले. शेजारच्या काकांना बोलावून ते दाखवले आणि हे आमच्या मनूने लिहिले आहे, असे सांगितले. त्यांना काही कळले नाही, पण चहा घेऊन गेले.

वही उद्या कुरिअरने पाठवतो. आईने त्याच पाकिटात मेतकूट घातले आहे, ते वहीवर सांडू देऊ नकोस. मिळाल्यावर फोन कर. रात्री साडेदहानंतर करू नकोस, असे लिहिणार होतो. पण अडलीस तर कधीही कर, मीही हल्ली जागाच असतो.

तुझे,
बाबा